सगळे एक, तर आप्पा ठीक

किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. आणि साचतात ते घाबरट माणसाकडे. बेफिकीर माणूस हसतो आणि विसरून जातो. घाबरट माणसाला मात्र कोण कुठं उभं होतं, चहा कितपत गार झाला होता, सगळं लक्षात राहतं. आमच्या ऑफिसात माणसं चार आणि घाबरट एकटी मी. त्यामुळे सगळा साठा माझ्याकडे!

ऑफिस बेळगावात, वडगावच्या एका गल्लीत, सुताच्या दुकानावर. खाली, शेजारी, मागं, जिकडं तिकडं पॉवरलूम. माग सुरू झाले की आमची टेबलंही थरथरतात, आणि ते बंद पडले की आम्ही दचकून वर बघतो.

मालक धनपाल अण्णा. निपाणीकडचे जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून रोज साडेपाचला ऑफिसातच डबा उघडतात, आणि ऑफिसातली प्रत्येक आपत्ती बरोबर त्या वेळेला येते. दुसरा मल्लू. वायरिंग, सेन्सर, सोल्डरिंग सगळं त्याच्याकडं. घरी कन्नड, ऑफिसात मराठी, आणि काम झालेलं असो नसो, तोंडात एकच शब्द, "आयतु!" म्हणजे झालं! तिसरी दीपा, कोड लिहिणारी. आणि चौथी मी, टेस्टिंगवाली. मला सगळे आक्का म्हणतात. दीपानं लिहिलेलं कुठं बिघडेल याची आधीच काळजी करायची, हे माझं काम. यासाठी कुणी पगार देतं, हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

आम्ही काय करतो? यंत्रांना राखण बसवतो. एक छोटा डबा, त्याला चारपाच सेन्सर. एक बघतो धागा तुटला का, दुसरा बघतो मोटर तापली का, असं. ठीक असेल तर सेन्सर सांगतो एक, नसेल तर शून्य. दीपाचा कोड ते सगळे आकडे एका यादीत घेतो आणि एकमेकांना गुणतो. सगळे एक, तर उत्तर एक, हिरवा दिवा. त्यात एक जरी शून्य निघाला तरी सगळा गुणाकार शून्य, लाल दिवा आणि यंत्राच्या मालकाला फोन. बास, एवढंच!

मी नवी होते तेव्हा अण्णांना विचारलं होतं, "गुणाकारच का? बेरीज का नाही?"

भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आक्का, घरातलं एक माणूस उपाशी असलं तर घर जेवलं म्हणतात काय? न्हाय म्हणत. मग गुणायचं!"

भिंतीवर मोठा टीव्ही आहे, त्यावर सगळ्या डब्यांचे दिवे दिसतात. वडगावचे माग, चिकोडी-निपाणीकडचे दूधवाले, आणि अगदी तळाला एक ओळ, जी कुठल्याच गिऱ्हाइकाची नाही: 'आप्पा ठीक'.

आप्पा म्हणजे दीपाचे वडील. निवृत्त मास्तर. कणकुंबीला जंगलाच्या कडेला एकटे राहतात. दीपाची आई त्याच घरात, स्वयंपाकघरात पडली ती उठलीच नाही. आप्पा त्या दिवशी परगावी, दीपा इथं बेळगावात. संध्याकाळपर्यंत कुणालाच पत्ता नाही. तेव्हापासून दीपाच्या मनात एकच भीती आहे आणि ती तिनं कधी लपवली नाही, "आप्पांना काय झालं आणि मला कळलंच न्हाय तर?" म्हणून ती ओळ तिथं आहे. येता-जाता आम्ही सगळेच तिकडं बघतो. मी तर जरा जास्तच.

*

आमचा पहिला डबा बसला तो आमच्याच गल्लीत, बाबूमामांच्या मागावर. बटण दाबलं आणि दिवा लागला. लाल!

मल्लूनं धाग्याचा सेन्सर बदलला. "आयतु!" दिवा लाल. मोटरचा बदलला. "आयतु!" लाल. सगळे बदलून झाले, खिशातले संपले, तरी दिवा आपला लालच. मी तर मोटरला उलटा हात लावून लावून बघत होते. मला वाटत होतं, डबा बरोबर असेल, आपणच चुकत असू, आणि आत्ता कुठूनतरी धूर निघेल.

बाबूमामा बिचारे मध्ये उभे. "माग म्हणतोय मी चांगलाय. डबा म्हणतोय न्हाय. मी कुणाचं ऐकू?" शेवटी त्यांनी माग बंद केला आणि लाल दिव्यासमोर स्टूल टाकून बसले.

इकडे ऑफिसात दीपा कोडमध्ये डोकं घालून बसली होती. एकदम कपाळावर हात मारून घेतला. "अण्णा, गुणाकाराची सुरुवातच मी शून्यापासनं केलीय!"

बेरजेची सवय, दुसरं काय? बेरीज करताना आधी शून्य धरतात आणि मग एकेक मिळवत जातात. तिनं गुणाकारातही तेच धरलं. आता शून्याला एकानं गुणा नाहीतर लाखानं गुणा! तिनं शून्याच्या जागी एक लिहिला आणि नवा कोड इथूनच डब्यात पाठवून दिला.

आता नशीब बघा. नेमक्या त्याच क्षणी बाबूमामांच्या आईनं पदराखालून लिंबू-मिरची काढली आणि डब्याला बांधली. गाठ बसली आणि दिवा हिरवा!

अण्णांनी त्याच दिवशी मार्कर घेऊन भिंतीवर लिहिलं: 'एकापासून सुरुवात.' हा आमचा पहिला नियम. पण गल्लीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पुढं ज्यानं ज्यानं डबा मागितला, त्याची अट एकच, "लिंबू तुम्हीच बांधून द्यायचं!"

अण्णा कुणाला समजावत बसले नाहीत. मल्लूच्या टूलकिटमध्ये पक्कडीशेजारी आजही लिंबू-मिरची असते!

*

दुसरा नियम दुधामुळं आला.

अण्णांचे मावसभाऊ भाऊसाहेब, निपाणीजवळच्या एका गावात दूध गोळा करतात. त्यांच्या थंड टाकीला आमचा डबा. तोपर्यंत आमची पद्धत अशी होती की सेन्सर स्वतःच बिघडला तर त्यानं 'उणे एक' पाठवायचं. मग गुणाकार उणे यायचा आणि पिवळा दिवा लागायचा. म्हणजे मल्लूनं स्कूटर काढायची.

एकदा साडेपाच वाजता अण्णांनी जेवणाचा डबा उघडला आणि भाऊसाहेबांचा फोन आला. अण्णांनी स्पीकर चालू केला.

"धनपाल, तुझा दिवा लई झकास हिरवागार हाय रं!"

अण्णा खूश. "मग? सांगतो काय तुला!"

"दिवा हिरवा हाय, आणि दूध फाटलंय!"

अण्णांचा घास हातातच राहिला. मी टीव्हीकडं बघितलं. खरंच, हिरवा! लाल दिव्याची मला भीती वाटत नाही, लाल दिवा निदान खरं बोलतो. चुकीचा हिरवा दिवा म्हणजे राखण करणारा माणूस चोराच्या ताटात जेवतोय!

झालं होतं असं, की टाकीचं कूलिंग बंद पडलं होतं, आणि त्याआधीच उंदरांनी सेन्सरच्या एक नाही, दोन वायरी कुरतडल्या होत्या. दोन सेन्सर बिघडले, दोघांनी उणे एक पाठवलं, आणि उणे गुणिले उणे अधिक, हे तर शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. कॉम्प्युटरनं बिनबोभाट गुणून टाकलं. उत्तर एक!

मल्लू म्हणाला, "दोन खोटी माणसं एक झाली, की खरी वाटायला लागतात बघा."

अण्णांनी हात धुतले. मग म्हणाले, "आमच्या गावात बैठकीला जो आला न्हाय, त्याचं मत धरत न्हाईत. बिघडलेल्याला यादीत घ्यायचंच न्हाय." भिंतीवर दुसरी ओळ आली: 'जो बोलत नाही, त्याला वगळा.' मल्लू बाहेर असला की त्याची वाट बघायला नको, एका सेन्सरपायी कुणाचं यंत्र अडायला नको. ज्यांचं उत्तर येतं, त्यांचाच गुणाकार.

मला ते इतकं पटलं की त्या दिवशी मी घरी जाऊन शांत झोपले. टेस्टिंगवाली बाई शांत झोपली, ही काही बरी खूण नव्हे.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी फाटलेल्या दुधाचं पनीर पाठवलं. फोनवर म्हणाले, "हिरवं समजून खावा!"

*

आता ऑफिसातली सवय घरी येणारच.

घरातून निघताना मी मनातल्या मनात गुणाकार करते. गॅस बंद, एक. इस्त्रीचं बटण बंद, एक. मागची खिडकी, एक. पाण्याचा नळ, एक. पुढच्या दाराला कुलूप, एक. सगळे एक आले की मगच पायरी उतरायची. पूर्वी मी बसस्टॉपवरून दोन-दोनदा परत यायची. या गुणाकारानं माझं बरंच बरं झालं.

एकदा असंच सगळं एक आलं. मी बस पकडली, ऑफिसात आले, चहा घेतला. फोन वाजला. आमच्या यजमानांचा.

"कुठं आहेस?"

"ऑफिसात. का हो?"

"घरातलं सगळं ठीक आहे ना?"

"सगळं ठीक! गॅस, इस्त्री, नळ, कुलूप, सगळं बघून आलेय!"

पलीकडून अगदी हळू आवाजात, "अगं, मी बाथरूममध्ये होतो. त्या कुलपाच्या आत!"

किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. मी रिक्षा करून घरी धावले. कुलूप काढलं, तर हे सोफ्यावर बसून पेपर वाचत होते. मान वर न करता विचारलं, "तुझ्या त्या यादीत मी आहे का?"

तेव्हापासून पहिला नंबर त्यांचा. हा किस्सा मी ऑफिसात सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसले. दीपाही हसली. पण मग तिनं सहज मान वळवून टीव्हीच्या तळाशी बघितलं. 'आप्पा ठीक.' आणि पुन्हा कामाला लागली.

*

अण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं, निपाणीत. मुलीच्या बापाला काळजी असते, पण या बापाच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता, हे वाईट.

"दीपा, मला एक सांग. लग्नात सगळं नीट पार पडंल याची शक्यता काढता येती काय?"

"येते की अण्णा. प्रत्येक गोष्टीची खात्री किती ते सांगा. सगळ्यांचा गुणाकार केला की झालं."

अण्णा सांगू लागले. मांडववाला वेळेवर येईल, दहात नऊ. आचारी, दहात नऊ. बँड, दहात आठ. लाइट राहील, दहात सात. वरपक्षाची बस वाटेत बंद पडणार नाही, दहात आठ. स्क्रीनवर प्रत्येक नावागणिक उत्तर खाली खाली येत होतं. अण्णांना एकेक नवीन गोष्ट आठवत होती. पंडितजी. जनरेटर. रुसणारे मामा. जितका जास्त विचार, तितकी आशा कमी!

मामांपाशी आल्यावर अण्णांचा चेहरा उतरला. "म्हंजे सगळं नीट व्हायची आशा रुपयात चार आणे बी न्हाय?"

मला मनापासून त्यांची दया आली. मी स्वतः आयुष्यभर हाच गुणाकार करत आले आहे, फक्त कॉम्प्युटरशिवाय.

तेवढ्यात सुमती वैनी, अण्णांच्या मंडळी, जेवणाचा डबा घेऊन आल्या. नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी काय झालं ते विचारलं. दीपानं स्क्रीन दाखवला. वैनींनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात माणसं कुठं धरलीत? आचारी न्हाय आला तर माझ्या बहिणी हायत की! बँड न्हाय आला तर पोरं ताटं वाजवतील! एकाचं चुकलं की दुसरं सावरतंय, ते तुमच्या यंत्राला कुठं ठावं?"

मग पदर खोचत म्हणाल्या, "दीपा, एक काम कर गं. आमच्या दोघांच्या लग्नाचं घाल बघू यात. काय येतंय?"

अण्णांनी इतक्या चपळाईनं लॅपटॉप बंद केला, की मल्लूला 'आयतु' म्हणायलाही वेळ मिळाला नाही!

*

आता आप्पांच्या डब्याचं सांगते.

आई गेल्यावर दीपानं आप्पांना बेळगावला आणून बघितलं. आठवडाभरात ते परत गेले. "दिवसभर माग खडखडतात गं. माझं मलाच ऐकू येत न्हाय." मग दीपा रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायची. सकाळचा फोन लागला नाही की संध्याकाळपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. कणकुंबीत पावसाळ्यात रेंज असली तर असली. शेवटी अण्णाच म्हणाले, "दुनियेच्या यंत्रांना राखण बसवतो. आपल्या माणसाला का नको?"

मल्लू आणि दीपा जाऊन डबा बसवून आले. सकाळी पुढचं दार उघडलं की एक. गोळ्यांची डबी उघडली की एक. गॅस बंद असला की एक. पडवीतल्या खुर्चीत दिवसातून एकदा बसले की एक. सगळ्यांचा गुणाकार एक, की आमच्या टीव्हीवर 'आप्पा ठीक'.

मल्लूनं सगळं समजावून सांगितल्यावर आप्पा म्हणाले होते, "म्हणजे हजेरी! बरं केलंत. आमच्या शाळेत एखादं पोर 'हजर' म्हणालं न्हाय, की मधल्या सुट्टीत मी त्याच्या घरी जाऊन यायचो."

दीपा निवांत झाली. खरंच झाली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. आम्हीसुद्धा सुटलो. एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. दिवसातून दोनदा जाणारा फोन आधी एकदा झाला, मग रविवारचा झाला, मग तोही कधी राहून जायला लागला. टीव्हीवर तर दिसतंयच की, आप्पा ठीक!

मग एका मंगळवारी ओळ लाल झाली. गोळ्यांची डबी उघडलेली नव्हती. दीपा ताडकन उठली आणि गॅलरीत जाऊन फोन लावला.

"आप्पा! गोळी घेतली न्हाय?"

"व्हय गं, विसरलो. आत्ता घेतो. तू जेवलीस काय? तिथं पाऊस हाय काय? आपली गाय व्यालीय, सांगितलं काय तुला?"

अर्धा तास बोलणं झालं. पुढच्या मंगळवारी पुन्हा लाल. या वेळी खुर्ची. पुन्हा अर्धा तास. मग एकदा पुढचं दार. मल्लू म्हणाला, "आक्का, सेन्सर तर सगळे ठणठणीत आहेत. म्हातारा मुद्दाम करतोय काय?" मी म्हटलं, "गप रे, असं कुणी करतं का?"

पण दर वेळी दीपाचा चेहरा पांढराफटक पडायचा, ते बघवत नव्हतं. एकदा तर गॅलरीत जाईपर्यंत तिच्या हातातून फोन पडला, काच फुटली. त्या दिवशी ती आप्पांवर ओरडली. आम्हाला आतपर्यंत ऐकू आलं.

"आप्पा, असं उगंच माझा जीव घाबरा करत जाऊ नका! लाल दिवा बघितला की मला आई दिसती!"

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. आत आल्यावर दीपा म्हणाली, "बरं म्हणाले. परत न्हाय करणार म्हणाले."

आणि मल्लूचंच म्हणणं खरं ठरलं! महिनाभर लाल दिवा नाही. ओळ कशी हिरवीगार.

*

आणि हा किस्सा त्याच पावसाळ्यातला.

साडेपाच वाजले होते. अण्णांनी डबा उघडला होता, पहिला घास अजून हातात होता. मल्लू भिजून आत आला आणि रेनकोट झटकत म्हणाला, "जांबोटीच्या पुढं झाड पडलंय. कालपास्नं तिकडं लाइट न्हाय म्हणतात."

दीपानं टीव्हीकडं बघितलं. "न्हाय रे, आप्पांचं तर ठीक दिसतंय."

ती पुन्हा कामाला लागली. मल्लूही बसला. माझी नजर मात्र टीव्हीवरून हलेना. लाइट नाही, तर आप्पांचा डबा बोलतोय कशावर?

माझ्या टेबलावर टेस्टिंगचा डबा असतो. त्याचे चार सेन्सर. मी पहिल्याची वायर काढली. हिरवा. बरोबर आहे, जो बोलत नाही त्याला वगळा. दुसऱ्याची काढली. हिरवा. तिसऱ्याची काढली. चौथ्याची काढली. आता यादीत कुणीच उरलं नव्हतं. गुणायला काही नाही. उरला तो फक्त आमचा भिंतीवरचा पहिला नियम, एकापासून सुरुवात.

हिरवा!

"दीपा," मी म्हटलं. "दीपा, इकडं बघ."

तिनं बघितलं. लोंबणाऱ्या चार वायरी, आणि वर हिरवा दिवा. तिला एक शब्द सांगावा लागला नाही. तिनं आप्पांच्या डब्याची यादी उघडली, ती रिकामी! तिनं फोन लावला. लागत नव्हता. पुन्हा लावला. पुन्हा नाही. टीव्हीवर मात्र 'आप्पा ठीक', 'आप्पा ठीक'. ती ओळ मला कधी इतकी भयंकर वाटली नव्हती.

अण्णांनी हातातला घास डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. "गाडी काढतो. चला."

"अण्णा, जेवण? दिवस मावळंल," मल्लू म्हणाला.

"राहू दे रं."

जांबोटीच्या रस्त्यानं पाऊस कोसळत होता. काचेवरचा वायपर पुरा पडत नव्हता. पडलेलं झाड कापून रस्त्याच्या कडेला ढकललेलं होतं, तिथून गाडी कशीबशी काढली. दीपा पुढच्या सीटवर, फोन कानाला. एकदाच बोलली, "किती दिवस झाले, मी टीव्हीशिवाय काय बघितलं न्हाय अण्णा. एक फोन केला न्हाय." अण्णांनी गिअर बदलला. मल्लू माझ्याशेजारी बसला होता, मांडीवर टूलकिट घट्ट धरून. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि मध्येच गुणाकार करत होते. म्हातारं माणूस, घसरडी पायरी, रात्रीचा अंधार. प्रत्येक गोष्टीनं आशा कमी होत होती.

कणकुंबीत शिरलो आणि अण्णांनी ब्रेक लावला. "दीपा, गावात लाइट हाय की!"

होती. घराघरांत दिवे होते. रस्त्याकडेला एक बाई गोठ्याकडं चालली होती. काच खाली करून विचारलं, तर म्हणाली, "लाइट व्हय? सकाळीच आली की."

म्हणजे सकाळपासून लाइट होती. तरी आप्पांच्या डब्याची यादी रिकामी. दीपानं गाडी पूर्ण थांबायच्या आत दार उघडलं आणि चिखलातून पळत सुटली. आम्ही तिच्या मागं.

पडवीत दिवा होता. दार उघडं. आप्पा खुर्चीत बसले होते, ताठ, अंगावर घोंगडी, आणि मांडीवर फोन. फोनवर पाऊस येऊ नये म्हणून त्याला टॉवेल गुंडाळलेला.

"कोण? दीपा? एवढ्या पावसात कशाला आलीस गं?"

दीपा तिथंच पायरीवर बसली. तिनं त्यांचे पाय धरले, मग गुडघे, मग हात, जणू सगळं जागेवर आहे का तेच बघत होती. मल्लूनं टूलकिट खाली ठेवली आणि डोळे पुसले.

आतून भाताचा वास येत होता. एकट्या माणसाला पुरेल त्याहून पुष्कळ मोठं पातेलं होतं.

"आप्पा," दीपानं कसंबसं विचारलं, "डबा कुठाय?"

आप्पांनी फळीकडं बोट दाखवलं. डबा तिथं होता. चारही सेन्सर काढून शेजारी ओळीनं मांडलेले, वायरींची नीट गुंडाळी करून वर दोरा बांधलेला. मास्तरांचं काम!

"कुणी काढला?"

"मी."

"का आप्पा?"

आप्पांनी तिच्याकडं बघितलं नाही. चष्मा काढला, घोंगडीला पुसला, पुन्हा लावला, आणि दारात भिजत उभ्या असलेल्या अण्णांना म्हणाले, "मालक तुम्हीच न्हवं? मग तक्रार ऐकून घ्या. तुमचं यंत्र नापास हाय. परवापासनं सगळं बंद करून, फोन मांडीवर घेऊन बसलोय. एक फोन आला न्हाय!"